सुपातले छर्रे

आबांची सायकल सहा वर्षं आमच्या शेळ्यांच्या छपरात पडून होती. आबा म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. धारूरहून टपालाची पिशवी आणून ते आसपासच्या पाच गावांत पत्रं वाटायचे, आणि ते होते तोवर त्या सायकलीला हात लावायची गावात कुणाची छाती नव्हती. ते वारले, काकू माहेरी निघून गेली आणि सायकल आमच्याकडे आली. पहिल्या वर्षी बानं तिच्या हँडलला शेळी बांधली. दुसऱ्या वर्षी कॅरिअरवर कडब्याच्या पेंढ्या रचल्या. पुढे सीट उंदरांनी कुरतडली, टायर तडकून गळून पडले, चेन गंजून तिचा एक वाकडा गज झाला. मी दहावी झाले तेव्हा घरात सायकल आहे हे सगळे विसरले होते. छपरात जुनी कुदळ असते, फुटका रांजण असतो, तशी ती होती.

ती बाहेर काढायचं कारण साधं होतं. अकरावी सायन्स धारूरला होती. कॉलेज सकाळी सातला भरायचं, आणि आमच्या गावावरून जाणारी एसटी दहाला यायची. मध्ये अकरा किलोमीटरचा रस्ता. आमच्या हेडमास्तरांनी स्वतः जाऊन माझं नाव घातलं होतं. पावसाळा लागल्यापासून तिकडे रोज हजेरीत माझं नाव वाचलं जात होतं आणि इकडे मी भाकरी थापत होते.

इथं एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक नवरा आणि एक बायको मिळून एक कोयता होतो. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम टोळीत घ्यायला तयार नसतो. म्हणून आमच्याकडे पोळ्यापासून दिवाळीपर्यंत घाईची लग्नं होतात. माझे आई-बाप दरवर्षी दसरा झाला की ट्रॅक्टरवर बसून साखर कारखान्याकडे जायचे आणि उन्हाळा तोंडावर आला की परत यायचे. त्या सहा महिन्यांत घर आम्ही दोघी बहिणी चालवायचो, मी आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान वंदी. वंदीची शाळा सातवीनंतर सुटली होती. शेळ्यांमागे कुणीतरी लागत होतं आणि अभ्यास मला येत होता, एवढ्यावर ते ठरलं. तिला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. त्या वर्षी मुकादमाच्या टोळीत एक पोरगा अर्धा होता, आणि मुकादमानं बाला विचारलं होतं की तुझ्या थोरलीचं काय.

एका संध्याकाळी माय चुलीपुढे भाकरी थापत होती आणि बा ताट घेऊन बसला होता. मी दारात उभी राहून म्हणाले, "बा, मला कॉलेजला जायचंय."

"जा की. कशावर जाती?"

"आबांची सायकल हाय."

बाला हसू आलं. घास गिळून तो म्हणाला, "तिच्यात काय ऱ्हायलंय? भंगारवाल्यानं दोनदा बघून सोडलीय."

"मी नीट करते."

"तू?"

"मी."

"बरं, कर." त्यानं चटणीचं बोट चाटलं. "पोळ्यानंतरच्या ऐतवारी मुकादम पाहुणे घेऊन येणार हाय. त्याच्या आत सायकल दारात चालती दिसली तर जा कॉलेजला, मी आडवा येत न्हाई. न्हाई दिसली तर मग रडायचं न्हाई. गुमान साडी नेसून पाहुण्याम्होरं बसायचं."

"असला कसला शब्द देता ओ पोरीला?" माय म्हणाली.

"दिला," बा म्हणाला आणि दुसरी भाकरी मागितली.

त्याला खात्री होती की सायकल होत नाही. मलाही तसंच वाटत होतं. हातात पंधरा दिवस होते, आणि सायकल चालवता येत असली तरी खोलता मला येत नव्हती. चालवायला मी शाळेच्या मैदानात आमच्या बाईंच्या सायकलवर शिकले होते, तेही कसंबसं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी ती ओढून अंगणात आणली. आमचं अंगण म्हणजे दोन पत्र्याच्या खोल्या, पुढे सारवलेली जागा, एका अंगाला छप्पर, समोर चिंच, आणि पलीकडे विहाराची मागची भिंत. पहाटे भिंतीपलीकडून बुद्धवंदना ऐकू यायची, दिवस वर आला की गिरणीचा पट्टा फटफटायचा, आणि दुपारी शेळ्या गेल्या की नुसत्या कोंबड्यांचा आवाज. त्या पंधरा दिवसांत या सगळ्यात ठोकाठोकीची भर पडली. पाना गिरणीवाल्यानं दिला, तोही "संध्याकाळी परत आणून द्यायचा" या अटीवर. हातोडा नव्हता, म्हणून वंदीनं बाचा कोयता घेतला आणि त्याच्या पाठीनं ठोकायला सुरुवात केली. मायनं रेशनच्या घासलेटमधली अर्धी बाटली बाच्या नकळत काढून दिली. चिंचेचा कोळ करून आम्ही गंज घासला. हातांची सालं निघाली, पण हँडलवर कुठं कुठं चमक दिसायला लागली.

पहिलं मोठं भांडण डाव्या पायडलावरून झालं. उजवं पायडल पाना लावून थोडं ठोकल्यावर निघालं. डावं काही केल्या निघेना. मी पान्यावर उभी राहिले, नाचले, शिव्या दिल्या.

वंदी बाजूला बसून बघत होती. ती म्हणाली, "आक्के, उलटं फिरव."

"उलटं काय? समदे नट ह्याच बाजूनं सुटतात."

"आगं, ह्या बाजूचा पाय उलटा फिरतो. सरळ आटे असते तर चालवता चालवता पायडल गळून पडलं असतं का न्हाई?"

"तुला काय कळतं? सातवी पास तू."

"बरं बाई, सायन्सवाली," ती म्हणाली आणि शेळ्या घेऊन गेली. ती गेल्यावर मी पाना उलटा फिरवून बघितला. पायडल सुटलं. संध्याकाळी ती आली तेव्हा ते घासलेटच्या डब्यात पडलेलं तिला दिसलं.  

खरं सांगायचं तर ती सायकल वंदीनं खोलली आणि वंदीनंच बसवली. मी वहीत आकृत्या काढायचे, कोणता नट कुठला ते लिहून ठेवायचे, आणि हुकूम सोडायचे. तिला वही लागत नव्हती. एकदा खोललेली वस्तू तिच्या हातात राहायची. मागच्या चाकाला लचक होती, तर तिनं चाक ज्यात बसतं त्या चिमट्याला कोळशाचा तुकडा दोरीनं बांधला, चाक फिरवलं, रिमवर जिथं काळं लागलं तिथले आरे कसले. कुणी शिकवलं नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाली, "सूप तिरकं झालं की माय कशी दोरी आवळती, तसंच की." मी आज घाटनांदूरला औषधांचं दुकान चालवते. कपाटाचं दार लटकलं, काट्याची पट्टी हलली, तर माणूस बोलवावा लागतो. मला अजून काही ठोकता येत नाही.

टायर आणि ट्यूब धारूरला सायकलचं दुकान असलेल्या चाचांनी दिल्या. मी दहाच्या एसटीनं सीताफळांची पाटी घेऊन गेले. डोंगरातली, अजून कच्ची, आढीत घालायची सीताफळं. चाचांनी पाटी आत ठेवली, कोपऱ्यातले दोन जुने टायर आणि ठिगळं मारलेल्या दोन ट्यूब काढल्या, शिवाय एका डबीत बोटभर ग्रीस दिलं.

"कौन बसवतंय सायकल?" त्यांनी विचारलं.

"मी."

"तू?" त्यांनी माझे हात बघितले. "झूठ."

मी हात मागे घेतले आणि टायर खांद्यात अडकवून स्टँडवर आले. कुणी विचारलं की मी "मी" म्हणायचे. गिरणीवाल्याला तेच सांगितलं, शेजारच्या बायांना तेच, बालाही तेच. बा रोज कामावरून आला की सायकलीभोवती एक चक्कर मारायचा. दिवस जात गेले तशा त्याच्या चकरा लांबल्या.

पोळा झाला. मागचं चाक झालं होतं, पायडलं झाली होती, चेन घासलेटमध्ये चार दिवस बुडवून मऊ झाली होती. ब्रेकचे रबर वंदीनं टायरच्या जुन्या चपलेतून कापले होते. ते लागायचे, पण मनात आलं तर. सीटवर बारदाना गुंडाळला होता. पुढचं चाक तेवढं राहिलं होतं. शुक्रवारी बानं सांगितलं की ऐतवारी पाहुणे नक्की येतायत, आणि आता शेळ्या चारण्यापलीकडे दोघींपैकी कुणी गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही. "पाहुणे यायचे न् आमची पोरगी धारूरच्या रस्त्यावर टायर घेऊन हिंडताना दिसायची. ते चालायचं न्हाई."

आम्हाला कुठं जायचंच नव्हतं. पुढचं चाक दोन तासांचं काम होतं. वंदीनं त्याचा कोन, म्हणजे आसावर आवळलेला नट, सोडवला, आतले छर्रे काढले. एका बाजूला दहा, दुसऱ्या बाजूला दहा. चाकाचा सगळा भार या गोळ्यांवर फिरतो. ज्वारीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या, पोलादी. घासलेटमध्ये धुतल्यावर त्या आरशासारख्या लखलखल्या. वंदीला शेळ्या न्यायच्या होत्या. ती म्हणाली, "उन्हात वाळव. अन् झाकून ठेव."

मी घरातलं सूप घेतलं, छर्रे त्यात पसरले, आणि सूप अंगणात उन्हाला ठेवलं. मग वही घेऊन चिंचेखाली बसले.

आता ज्याच्या घरी कोंबड्या आहेत त्याला कळलंच असेल. माय रोज सकाळी त्याच सुपात ज्वारी पाखडायची आणि कणी-कोंडा अंगणात टाकायची. आमच्या तीन कोंबड्यांना आयुष्यात एकच गोष्ट पक्की माहीत होती, की सूप बाहेर आलं की खायला मिळतं. मी वर बघितलं तेव्हा तिघी सुपात होत्या. मी ओरडत धावले. तांबडी तर माझ्या पायाखालून जाता जाताही एक उचलून गेली. मी गुडघ्यावर बसून सुपातलं, अंगणातलं, सारवणाच्या भेगांतलं सगळं गोळा केलं. पाच वेळा मोजलं. सात होते.

वंदी परतली तेव्हा मी तशीच बसले होते. तिनं सूप बघितलं, मग कोंबड्या बघितल्या.

"झाकलं न्हाईस?"

मी मान हलवली.

"किती गिळले?"

"तेरा."

ती खाली बसली. मला वाटलं आता शिव्या देईल. ती म्हणाली, "तांबडीनं जास्त खाल्ले असतील. ती लई हावरी हाय."

त्या संध्याकाळी मी मायच्या पाया पडले की तांबडी काप. माय भाकरीचं पीठ मळत होती. तिनं पिठाच्या हातानं माझ्या थोबाडीत दिली. "रोज अंडं घालती ती. तुझ्या छऱ्यापायी कोंबडी कापू? गोळ्या खायाच्या हायेत का आपल्याला?" गालावरचं पीठ मी पुसलं नाही. बाजूला हुलग्याचं माडगं रटरटत होतं, त्याचा वास अजूनही आला की मला तो गाल आठवतो. बाला आम्ही काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी तो म्हणाला असता, मग झालं तर.

शनिवारचा सगळा दिवस आम्ही नाही ते करून बघितलं. कोंबड्यांच्या मागे फिरून त्यांची विष्ठा काडीनं उकरली. एकही गोळी खाली आली नव्हती. छऱ्यांच्या जागी सुतळीला ग्रीस चोपडून गुंडाळली. चाक अर्धा फेरा फिरलं आणि अडकलं. सातच्या सात छर्रे एका बाजूला भरले, दुसरी बाजू चिंधीनं भरली. चाक चिमट्याला घासून थांबलं. चिंचोके घासून गोल करायचाही प्रयत्न केला. संध्याकाळ झाली तेव्हा वंदीच्या बोटांतून रक्त येत होतं आणि मी रडत होते. ती मला म्हणाली, "आक्के, तू रडत बसलीस की माझे हात थांबतात. आत जा." मी आत गेले. घरात मायनं तिची ठेवणीतली साडी काढून दोरीवर टाकली होती, सुरकुत्या जायला.

ऐतवारी सकाळी बा म्हणाला, "तांबडी कापा. पाहुण्यांना काय चटणी-भाकर घालायची का?"

मी आणि वंदीनं एकमेकींकडे बघितलं. मायनंही बघितलं, आणि पटकन दुसरीकडे तोंड केलं.

मला न्हाऊ घातलं, वेणी घातली, साडी नेसवली, आणि आतल्या खोलीत बसवलं. बाहेर चूल पेटली, मायनं येसराचा मसाला भाजायला घेतला, धणे आणि खोबऱ्याचा वास घरभर झाला. छपरामागे वंदी कोंबडी साफ करत होती. थोड्या वेळानं ती दारात आली. तिची मूठ बंद होती. उघडली तर तळव्यावर रक्त, वाळू, ज्वारीचे दाणे, आणि त्यात काळे पडलेले छर्रे.

"आठ," ती म्हणाली.

"सात न् आठ पंधरा. वीस लागतात, वंदे."

"एका बाजूला सात, एका बाजूला आठ. मधी ग्रीस भरते. वाजंल, पण फिरंल." बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. ती म्हणाली, "तू त्यांना बोलण्यात गुंतव," आणि निघून गेली.

तिघे आले होते. मुकादम, पोरगा, आणि पोराचा बाप. मुकादम पन्नाशीचा, पांढऱ्या टोपीचा, बोलायला गोड. पोरगा सगळा वेळ स्वतःच्या चपलांकडे बघत होता. त्याला पुरतं मिसरूडही आलेलं नव्हतं. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि सतरंजीवर बसले.

"नाव काय, बाई?" मुकादमानं विचारलं.

मी नाव सांगितलं.

"शिकली किती?"

"दहावी. अकरावीला नाव घातलंय."

"आरं वा! मग टोळीचा हिशेब हीच लिहील की." सगळे हसले. "ऊस तोडलाय का कधी?"

"न्हाई."

"मोळी उचलती का डोक्यावर?"

बा मध्येच म्हणाला, "शिकंल की. हिची मायबी अशीच शिकली."

माझं सगळं लक्ष मागच्या बाजूला होतं. टक्, टक्, मग थांबायचं. मग पान्याचा खरखराट. मग बराच वेळ काहीच नाही. मायनं ताटं वाढायला घेतली, रश्शाची वाफ निघत होती, मुकादम तांबडीची तंगडी दातानं तोडत म्हणत होता की चव मराठवाड्याची ती मराठवाड्याचीच. मला वाटलं, संपलं. ही माणसं जेवून उठतील, सुपारी फोडतील, आणि दिवाळीला मी उसाच्या फडात असेन. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

मग घंटी वाजली. गंजलेली, अडकत अडकत, पण सायकलचीच घंटी.

मी उठले. माय म्हणाली, "बस खाली." मी तिला ओलांडून बाहेर गेले. छपरापुढे वंदी सायकल धरून उभी होती, कोपरापर्यंत काळी. मी साडी खोचली, वर ओढून मांड्यांमध्ये कासोट्यासारखी घट्ट केली, आणि आबांच्या त्या दांडीच्या सायकलवर पाय टाकला. वंदीनं मागून ढकललं. पुढचं चाक कटकट वाजत होतं, हँडल डावीकडे ओढत होतं, पण ती चालली. मी पाहुण्यांच्या पुढून अंगण ओलांडून विहारापर्यंत गेले, वळले, परत आले, आणि ब्रेक लागला नाही म्हणून पाय घासत दारात थांबले. शेजारच्या बाया कुडावरून बघत होत्या.

 पोराच्या बापानं हातातला घास खाली ठेवला.

"हे काय नाटक?" मुकादम बाला म्हणाला.

बा सायकलीकडे बघत होता. मला वाटलं आता तो उठून मला मारणार. तो म्हणाला, "म्या शब्द दिलता तिला. सायकल झाली तर कॉलेजला जाईन म्हणाली. झाली." मग जरा थांबून, "थोरलीचं ऱ्हाऊ द्या, मुकादम."

 मी हँडलला धरून उभी होते.

मुकादम चिडला नाही. ती जातच वेगळी असते. तो हसला, हात धुतले, आणि सायकलीजवळ आला. चाक फिरवलं, चेन बोटानं दाबून बघितली. "सायकलवाली बाई नकोच आमाला. फडात सायकल चालत न्हाई." मग माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "पर ही बसवली कुणी? सांगाडा होता म्हणं नुसता."

पंधरा दिवस या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं होतं. त्या दिवशी मी म्हणाले, "वंदीनं. समदी तिनंच बसवली."

हे मी आजवर दोघा-तिघांना सांगितलंय. ते म्हणतात, तू खरं तेच बोललीस, तुझा काय दोष. पण तिथं मी होते, ते नव्हते. मुकादमाला एक कोयता पुरा करायचा होता आणि तो मोकळ्या हातानं जाणारा माणूस नव्हता, हे मला सोळाव्या वर्षी स्वच्छ दिसत होतं. त्याची नजर माझ्यावरून हलायला हवी होती. मी ती हलवली.

"वंदी कोण?"

"धाकली," बा म्हणाला.

"ये गं हिकडं. हात दाव."

वंदीनं हात पुढे केले. ग्रीस, गंज, फुटलेली बोटं, नखांत काळं. मुकादमानं ते पालथे केले, उलटे केले, आणि पोराच्या बापाला दाखवले. "हे बघा. ह्याला म्हणतात हात."

"चौदाची हाय ओ ती," माय म्हणाली.

"चौदाची कोण म्हणंल हिला?"

वंदी माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी बोलेन असं तिला वाटत असावं. सगळीकडे मीच तर बोलायचे. मी सायकलीचं हँडल पुसत होते. बा ताटातली भाकरी मोडत होता. मला दिलेला शब्द त्यानं पाळला होता. वंदीसाठी त्याच्याकडून कुणी शब्द घेतलेला नव्हता.

तीन आठवड्यांनी विहारात लग्न झालं. पांढऱ्या साडीत ती आणखी लहान दिसत होती. तिच्या नखांतलं काळं हळदीनंही निघालं नव्हतं. मी त्या तीन आठवड्यांत रोज कॉलेजला गेले. मागचा सगळा अभ्यास भरून काढायचा होता.

माय-बा दसऱ्यानंतर त्यांच्या ट्रॅक्टरनं पुढे गेले. वंदीचा ट्रॅक्टर तिच्या सासरच्या गावाहून दोन दिवसांनी निघाला, हे मला माहीत नव्हतं. मी सकाळी धारूरच्या चढावर सायकल हातात धरून ढकलत होते. मागून ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या, पाचटाच्या चटया, भांडी, कोंबड्यांची डालगी, आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. वंदी दुसऱ्या ट्रॉलीत होती. तिनं मला बघितलं आणि ओरडली, पण इंजिनच्या आवाजात मला काही कळलं नाही.

चढ संपतो तिथं ट्रॅक्टर थांबला होता. गड्यांनी पाणी प्यायला उतरायचं ठरवलं होतं. मी वर पोचले तर वंदी रस्त्याच्या कडेला उभी होती. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, ती सरळ खाली वाकली आणि पुढच्या चाकाला कान लावला.

"लई वाजतंय, आक्के. कोन सैल झालाय. थांब, ट्रॅक्टरवाल्याचा पाना आणते. दोन मिनटं लागतील."

"उशीर होतोय गं," मी म्हणाले. "प्रॅक्टिकल हाय."

ती बाजूला सरकली. मी सायकलवर बसले आणि उताराला लागले.